‘पर्यंत’चा रकाना

१४ ऑक्टोबर, सोमवार. डार्मश्टाट

फ्राउ केसलर म्हणाल्या, आर्बाइट्सटागेबुख ठेव. कामाची वही. आज काय केलं, काय अडलं, एवढंच लिहायचं. साडेपाच महिन्यांनी थेसिस द्यायचाय, तेव्हा स्वतःला फसवायची सोय नको. फ्राउ केसलर माझ्या गाइड आहेत आणि त्यांना नाही म्हणायची माझी टाप नाही. म्हणून ही वही. यात घरचं रडगाणं येणार नाही, हे पहिल्याच पानावर लिहून ठेवते.

आल्झो, तर मग काम. गाइयुस तुरेलियुस प्रिस्कुस. रोमचा सिनेटर, एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. शेवटची नेमणूक ऱ्हाईनकाठी, वरच्या गेर्मानिया प्रांताचा गव्हर्नर. मुक्काम माइन्त्स, इथून गाडीने चाळीस मिनिटं. यानं इटलीत आपल्या गावी जिवंतपणीच स्वतःचा शिलालेख करून घेतला. आधी नाव, मग पहिल्या फुटकळ पदापासून गव्हर्नरपदापर्यंत सगळ्या नेमणुका ओळीनं. दगड केव्हाच हरवला. उरलाय तो अबक्लाच, म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी दगडावर ओला कागद ब्रशनं ठोकून घेतलेला ठसा. तो आमच्या इन्स्टिट्यूटमध्ये एका खोक्यात आहे. त्यातली शेवटची दीड ओळ खरबरीत आहे, अक्षर नाही. माझं म्हणणं असं की तिथे एका बादशहानं दिलेला मान लिहिला होता. पुढे त्या बादशहाचं नाव जिथे तिथे खरवडून काढलं, त्यात ही ओळही गेली. या दीड ओळीवर माझी पाच वर्षं उभी आहेत. कॉन्ट्रॅक्ट एकतीस मार्चला संपतं. व्हिसा त्यालाच बांधलेला.

संध्याकाळी बाबांचा फोन. बाबा फलटणला प्रांत म्हणून रिटायर झाले. गव्हर्नर म्हणजे कोण हे सांगताना मी एकदा ‘रोमचा प्रांत’ म्हणून गेले आणि तेव्हापासून प्रिस्कुस त्यांना खात्यातला माणूस वाटतो. ‘तुझे प्रिस्कस साहेब काय म्हणतायत?’ अशीच सुरुवात असते. आज मात्र वेगळाच प्रश्न.

“संपे, नावाआधी डॉक्टर कधीपासून लावता येतं? थेसिस दिला की?”

“नाही हो बाबा. ते तपासणार, मग तोंडी परीक्षा, मग पुस्तक छापायचं, मग सर्टिफिकेट. त्याआधी लावलं तर इथे गुन्हा आहे.”

“गुन्हा! म्हणजे एकूण किती वेळ?”

“दीड-दोन वर्षं धरा.”

“दोन वर्षं.” त्यांनी आकडा परत म्हटला, हिशेब केल्यासारखा. “बरं. नियम तो नियम. पण थेसिस एकतीस मार्चला नक्की ना?”

“नक्की.”

पेन्शनरांच्या कट्ट्यावर सांगायचं असेल. तिथे ते अजूनही सांगतात की मुलगी डार्मश्टाटला असते, जिथून उपग्रह चालवतात. ऐकणारा काय समजायचं ते समजतो.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

घरचं लिहायचं नाही ठरलं होतं, पण आज कामच झालं नाही तर लिहू काय, कप्पाळ? शिरीषदादाला स्क्रीनवरून ओवाळलं. बाबा साताऱ्याचं घर बंद करून त्याच्याकडे पुण्याला आलेत, ‘थोडे दिवस’. ज्या माणसाला दादाच्या फ्लॅटमध्ये दोन रात्री चैन पडत नाही, तो महिनाभर राहिलाय. कानटोपी घालून बसले होते. पुण्यात, दिवाळीत!

“काय बाबा, केदारनाथला निघालात का?”

ते हसले. ऊर्मिलावहिनी जरा जास्तच हसल्या आणि उठून आत गेल्या. दादा म्हणाला नेट गंडलंय, आणि कॅमेरा बंद केला. एवढा आयटीतला माणूस, घरचं नेट धड नाही.

१९ नोव्हेंबर

धुकं. तळटीप क्रमांक ११२. दिवसभरात एक तळटीप.

८ डिसेंबर, रविवार

बाबांशी भांडले. म्हणजे मी भांडले, ते ऐकत होते.

त्यांनीच काढलं. “शेवटची ओळ खरवडली म्हणतेस, मग नाव कसं राहिलं गं? आमच्याकडे ज्याच्यावर वरून वीज पडते त्याचं नाव आधी जातं.”

मी बादशहाचं सगळं परत समजावलं.

“बरं. पण दगड त्यानं जिवंतपणी करून घेतला, असं तूच म्हणालीस ना? ऑफिसात माझ्या खुर्चीमागे बोर्ड होता, आठवतो? नाव, पासून, पर्यंत.”

न आठवायला काय झालं! शाळा सुटली की मी त्याच खोलीत गृहपाठ करायचे. इंग्रजांच्या काळापासूनची सगळी नावं पाठ होती.

“माणूस हजर झाला की पेंटर येतो. नाव रंगवतो, पासूनची तारीख रंगवतो. पर्यंतचा रकाना कोरा ठेवतो. कोरा म्हणजे खोडलेला नव्हे. कोरा म्हणजे साहेब अजून खुर्चीत आहेत. तुझ्या प्रिस्कस साहेबांना पुढची ऑर्डर यायची असेल. जागा सोडून ठेवली त्यांनी.”

“बाबा, हे रोम आहे, फलटणचं प्रांत ऑफिस नाही. लोकांनी यात आयुष्यं घालवलीत.”

तिकडून मग खोकला, बराच वेळ. मग वहिनींचा आवाज, “बाबा, पुरे आता.” त्यांना कुणी पुरे म्हणावं आणि त्यांनी ते ऐकावं, हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

फार तोडून बोलले, कळतंय मला. पण त्यांची स्वतःची अपर जिल्हाधिकाऱ्याची ऑर्डर निघणार निघणार म्हणत रिटायर होण्याच्या दिवसापर्यंत निघाली नाही. त्यामुळे जिथे कोरी जागा दिसेल तिथे त्यांना ऑर्डरच दिसते. म्हणून मीही थेसिसमध्ये तेच लिहू का?

११ जानेवारी, शनिवार

शेजारच्या खोलीत वैभवी राहते, नागपूरची, मटेरियल्समध्ये पीएचडी करते. आज भांडी घासता घासता म्हणाली, “तुझे बाबा तीन महिने मुलाकडे काय करून राहिले आहेत? दहा दिवस जाऊन ये ना.” डोक्यात किडा सोडला.

बाबांना विचारलं, येऊ का?

“काम टाकून? मुळीच नको. एकतीस मार्च झाला की ये.”

दादाला विचारलं.

“तू ठरव.”

“म्हणजे काय? बाबा बरे आहेत ना?”

“बाबा नको म्हणालेत ना? मग झालं तर.”

सरळ उत्तर देईल तर शपथ. लहानपणापासून असाच, मूग गिळून बसणारा.

खरं लिहायचं तर मला हायसं वाटलं. बाबा ये म्हणाले असते तर जावं लागलं असतं.

९ फेब्रुवारी

बाबा हल्ली फोन करत नाहीत, अर्ध्या मिनिटाचे व्हॉइस मेसेज पाठवतात. घसा बसलाय म्हणे. मागे काहीतरी टुं टुं वाजत असतं. वहिनींचं वॉशिंग मशीन असेल. परवा त्यांनी अबक्लाचचा फोटो मागितला होता, तो पाठवला. आज वहिनींनी त्यांच्या वतीनं टाइप केलं: ‘जागा छान सोडली आहे. नेमकी.’

सोडली आहे! हट्ट म्हणजे किती तो. पालथ्या घड्यावर पाणी.

पाचवं प्रकरण अजून उभं राहत नाहीये. लिहिलेलं वाचलं की वाटतं, हे दुसऱ्या कुणीतरी लिहिलंय आणि तोही माणूस थापाड्या आहे. सकाळी उठावंसं वाटत नाही. फ्राउ केसलर विचारतात, जमतंय ना? मी म्हणते, जा जा, गेनाऊ. हो हो, अगदी.

११ मार्च, मंगळवार

शांतपणे लिहायचं ठरवलंय.

माझं मूळ शिक्षण इंजिनियरिंगचं. या इन्स्टिट्यूटमध्ये मी आले तीच फोटोंसाठी: ठशावर चारी बाजूंनी अगदी खालून, आडवा दिवा टाकायचा, साठ-सत्तर फोटो काढायचे आणि कॉम्प्युटरवर एकत्र करायचे. डोळ्याला दिसत नाही ते दिसतं. पाच वर्षांत असे शंभरेक ठसे केले. प्रिस्कुसच्या वरच्या ओळीही केल्या. शेवटची दीड ओळ कधी केली नाही. तिथे काहीच नाही, दिवा कशाला, असं मी सगळ्यांना सांगायचे. भीती वाटत होती, दुसरं काय.

आज फ्राउ केसलर म्हणाल्या, परिशिष्टात पूर्ण ठसा हवा. म्हणून केली.

अक्षरं सरळ यावीत म्हणून दगड कोरणारा आधी बारीक रेघा मारून घेतो, आपण वहीला आखतो तशा. त्या दीड ओळीत वरची रेघ आहे आणि खालचीही. या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुठेही तुटलेली नाही. अक्षरं छिन्नीनं खरवडली असती तर या केसाएवढ्या रेघा सगळ्यात आधी गेल्या असत्या. खरबरीतपणा दगडाचा नाहीच, कागदाला कधीतरी ओल लागली होती तिचा आहे.

कुणी काही खोडलेलं नाही. तिथे कधी काही कोरलंच नव्हतं. जागा आखून ठेवली होती.

बाबा.

१२ मार्च

फाइल डिलीट करायचा विचार दोनदा केला. परिशिष्टात जुना फोटो टाकायचा, कोण बघतंय? दगड नाही, खोकं माझ्याच ताब्यात. परीक्षक दोघेही साठीचे आहेत.

दिवसभर काही खाल्लं नाही. वैभवीनं खिचडी आणून ठेवली, ती तशीच आहे. पाच वर्षं मी एका माणसावर नसलेला कलंक लावत होते आणि त्याच्यासाठी पगार घेत होते. मला इतिहासातलं काही कळत नाही. मी फोटो काढणारी बाई आहे. चौतिसाव्या वर्षी हातात काय, तर दीड ओळ, आणि तीही कोरी.

फाइल अजून आहे. बोर्डाखाली गृहपाठ केलेल्या मुलीला एवढंही धड जमत नाही.

१४ मार्च, शुक्रवार

फ्राउ केसलरना दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, परत लावला. मला वाटलं आता तासतील. त्या नुसतं म्हणाल्या, “तर मग तो वाट बघत होता.” आणि खिडकीकडे गेल्या.

मग वळून म्हणाल्या, पुढची नेमणूक आशिया नाहीतर आफ्रिका प्रांताची असणार, सिनेटरच्या नशिबातली सगळ्यात मोठी. त्याच्यासाठी दीड ओळ बरोबर पुरते. ती मिळाली नाही, किंवा मिळायच्या आत तो इथेच ऱ्हाईनकाठी गेला आणि गावी जाऊन जागा भरणारं कुणी नव्हतं. “हे तुमच्या पाचव्या प्रकरणापेक्षा खरं आहे. पण तारीख बदलत नाही, फ्राउ खांबेटे. सतरा दिवस आहेत.”

हे तुम्हाला सुचलं कसं, असंही विचारलं त्यांनी. म्हटलं, वडिलांना सुचलं. ते कोण आहेत? म्हटलं, प्रांत.

१९ मार्च, बुधवार

चौदा-चौदा तास लिहिते आहे. चांगलं होत नाहीये, नुसतं होतंय.

दुपारी बाबांचा फोन आला, बऱ्याच दिवसांनी स्वतःचा. आवाज इतका बारीक की मी दोनदा ‘कोण?’ म्हणाले. प्रिस्कस साहेब विचारले. माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. पण म्हटलं, असं घाईत नको. थेसिस हातात घेऊन, छापलेलं पान समोर धरून वाचून दाखवीन. प्रस्तावनेत त्यांचं नाव घातलंय, तेही.

“बाबा, एकतीसला तुम्हाला एक गंमत सांगणार आहे.”

“आत्ताच सांग की.”

“अं हं. सबमिट केल्यावर.”

“थोडी तरी.”

“बाबा! लहान मुलासारखं काय करता? बारा दिवस तर राहिलेत.”

“बरं,” म्हणाले. “बरं. मग राहू दे.”

२३ मार्च, रविवार

बाबा गेले. तिकडच्या सकाळी सव्वासहाला.

दादानं विचारलं, तुझ्यासाठी थांबवायचं का? मी नको म्हणाले. कुणी म्हटलं ते? मीच.

२४ मार्च

स्वादुपिंडाचा कॅन्सर. सप्टेंबरमध्ये कळलं होतं. डॉक्टर म्हणाले होते सहा महिने, आणि सहा महिन्यांना बाबा बरोबर हजर. केमोनं केस गेलेले, म्हणून कानटोपी. टुं टुं वाजायचं ते सलाइनचं यंत्र.

दादावर ओरडले. सांगितलं का नाहीस? त्यानं ऐकून घेतलं आणि मग पहिल्यांदाच सरळ बोलला. “सगळ्यांना सांगून ठेवलं होतं त्यांनी, संपदाचं काम होईपर्यंत तिच्या कानावर काही जाता कामा नये. आदेशच. जानेवारीत तू विचारलंस तेव्हा ते समोर बसले होते, मान हलवून नाही नाही करत. मी तू ठरव म्हटलं. त्याच्या पलीकडे मला काय म्हणता येत होतं, संपे?”

तू ठरव. आणि मला हायसं वाटलं होतं. वर लिहिलंय, माझ्याच अक्षरात. हे पान फाडलं तरी ते तसंच राहणार.

थोडी तरी, म्हणाले होते. एक वाक्य होतं. ‘बाबा, तुम्ही बरोबर होतात.’ चार शब्द. मी ते बारा दिवस पुढच्या तारखेवर टाकले. कुणी करत नाही असं आपल्या माणसाशी. मी केलं.

२५ मार्च, मंगळवार

दादानं एक फोटो पाठवला. बाबांच्या कपाटात, फाइलला टॅग लावून, स्वतःच्या निधनाच्या जाहिरातीचा मसुदा होता. पेपरातल्या निधनवार्तांचं मराठी त्यांना सहन व्हायचं नाही, लाल पेननं दुरुस्त करायचे. तेव्हा आपली कुणी बिघडवू नये म्हणून आधीच लिहून ठेवली. खाली सही आणि तारीख. कोऱ्या कागदावर पट्टीनं पेन्सिलच्या रेघा मारून त्यावर शाईनं लिहिलंय.

‘श्री. पद्माकर विष्णू खांबेटे, निवृत्त उपविभागीय अधिकारी, यांचे दि.      रोजी      वाजता निधन झाले. त्यांच्या पश्चात चिरंजीव शिरीष, स्नुषा सौ. ऊर्मिला, कन्या      संपदा असा परिवार आहे.’

दादानं खाली लिहिलंय: ‘पहिल्या दोन जागा मी भरल्या. तिसरीत कु. टाकू का? बाबांना लिहायला जड गेलं असणार. तुझ्या लग्नाचं मनाला लावून घेतलं होतं त्यांनी, बोलायचे नाहीत इतकंच. म्हणून सोडली असेल.’

मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही तसंच वाटलं. चौतीस वर्षांची बिनलग्नाची मुलगी, कु. लिहायची लाज वाटली. मग सहीखालची तारीख बघितली.

१४ ऑक्टोबर.

वही उघडून पहिलं पान वाचलं. दोन वर्षं. बरं. नियम तो नियम.

फोटो मोठा करून बघितला. त्या जागेतून पेन्सिलची रेघ सरळ गेली आहे, कुठेही तुटलेली नाही. आजूबाजूच्या अक्षरांच्या मापानं जागा मोजली. मोजायचीच सवय, त्याला काय करू? एक अक्षर, त्याच्यावर चंद्र, पुढे टिंब, आणि मग संपदा लिहायच्या आधी थोडं अंतर. जागा छान सोडली आहे. नेमकी.

दादाला कळवलं, काहीही टाकू नकोस. कु. नको, डॉ. नको. आहे तशी कोरी ठेव.

तो म्हणाला, “विचित्र दिसेल गं.”

म्हटलं, “दिसू दे.”

३१ मार्च, सोमवार

काल पाडवा होता. आम्हाला सुतक.

थेसिस दिला. प्र्यूफुंग्सआम्टमधल्या, म्हणजे परीक्षा विभागातल्या बाईंनी तिन्ही प्रती चाळल्या, शिक्का मारला, मग माझा फॉर्म तपासला. नावाआधी एक चौकोन होता, टिटेल, म्हणजे पदवी. मी पेन टेकवून थांबले तशा त्या म्हणाल्या, “तो फ्राय सोडा. मोकळा. अजून काही नाही ना तुमच्याकडे?” म्हटलं, नाही.

बाहेर येऊन सवयीनं फोन काढला. बाबांच्या नावापर्यंत बोट गेलं. एकतीस तारीख, दुपारी साडेबारा. सांगायचं होतं ते सगळं तयार होतं, पानसुद्धा काढून ठेवलं होतं.

त्याच्याखालीच दादाचा मेसेज होता. जाहिरात आज आली, दशक्रिया उद्याची म्हणून. त्यानं कात्रणाचा फोटो पाठवला होता. ‘पेपरवाल्याला दोनदा सांगितलं गं. तो म्हणाला मोकळी जागा आमच्याकडे राहत नाही, कॉम्प्युटर ओढून घेतो.’

बाबांचं मराठी कुठे बिघडलेलं नाही. तारीख बरोबर, वेळ बरोबर. शेवटची ओळ नीट सलग छापली आहे: ‘स्नुषा सौ. ऊर्मिला, कन्या संपदा असा परिवार आहे.’ मी ती मोठी करकरून बघितली. दोन शब्दांमध्ये असतं तेवढंच अंतर आहे.